उजवीकडचा टक्स
माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातचा ब्लाउज अंगाला असा बसतो, की नाव ठेवायला जागा नाही. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, भिंतीला माणसाएवढा आरसा आणि गळ्यात कायम टेप. कर्करोगामुळे डावा स्तन काढावा लागला, तेव्हाही त्यांनी रडारड केली नाही. उजव्याच्या मापाने कापसाचं पॅड शिवलं आणि कामाला लागल्या. कुणाला कळायचंसुद्धा नाही.

उजव्याची दरवर्षी मॅमोग्राफी करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. यंदा कामाच्या गर्दीत ती राहिली. मी आठवण केली, तर म्हणाल्या, "दुखणं डावीकडचं होतं, ते गेलं." त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची टाप आहे?

मग एका दुपारी पाहिलं, तर बाई स्वतःच्याच ब्लाउजची छातीवरची शिवलेली चुणी उसवत बसलेल्या.

"उजवीकडे ओढतोय गं. छातीचा टक्स जरा सरकवते, की बसेल."

"आणि मागच्या आठवड्यात काय उसवत होतात?"

"हाच."

माझं डोकंच फिरलं. "जाऊबाई, ब्लाउज तोच आहे, बदललंय ते तुमचं अंग! ठेवा ती कात्री."

त्या आरशासमोर गेल्या, हात वर केला. उजवीकडे कातडी खळीसारखी आत ओढली गेली होती. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला. "जुना परत आलेला नाही, हा नवाच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण लहान आहे, काखेतही काही दिसत नाही. गाठ तेवढी काढून किरणं देता येतील, किंवा पूर्ण स्तन काढता येईल. तुमच्या बाबतीत दोन्ही चालेल."

"काढूनच टाका, कटकट नको," थोरले दीर म्हणाले.

जाऊबाईंनी त्यांना नजरेनेच गप्प बसवलं. "अंग माझं आहे. खराब तेवढंच कापायचं. चांगलं कापड मी कधी वाया घालवलंय?"

गाठ निघाली, किरणं झाली, गोळ्या चालू आहेत. आता तपासणी चुकत नाही.

परवा मी माझा ब्लाउज घेऊन गेले. "एका बाजूला घट्ट होतोय, जरा उसवून द्या."

त्यांनी कात्री खणात टाकली. "आधी दाखवून ये."

"अहो, मी जाड झालेय!"

"दोन्हीकडून झाली असतीस."

मी मुकाट्याने चपला घातल्या. बाईही निघाल्या माझ्याबरोबर, गळ्यातला टेप काढायचं विसरून.