सोमवारचं डोकं

विमलताई ड्यूटीवर आली की सरळ आत कधी यायची नाही. दारात थांबायची, चप्पल काढता काढता मान वर करून हवा हुंगायची आणि मग विचारायची, "चमेलीचं तेल कोण लावून आलं वं आज?" आम्ही बोर्डावरच्या पोरी तिला पोलिसांचं कुत्रं म्हणायचो, तेही तिच्या तोंडावर. ती हसायची. पण चमेलीवालीला उठून खिडकीजवळच्या खुर्चीवर जावंच लागे. कारण त्या वासानं थोड्याच वेळात विमलताईचं अर्धं डोकं उठायचं आणि मग तिचे कॉल आम्हाला घ्यावे लागायचे.

मी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा परगावी बोलायचं म्हणजे आधी कॉल बुक करून वाट पाहत बसावं लागे. ते कॉल आम्ही बायका जोडून द्यायचो. समोर दिव्यांचा बोर्ड, कानाला हेडफोन, हातात लाइन जोडायच्या दोऱ्या. विमलताईची आणि माझी खुर्ची शेजारी. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, महाल भागात राहणारी, सडपातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पहिल्याच आठवड्यात ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, "अर्धा बोर्ड विझला वं. माया बाजूचं पाय जरा." मी पाहिलं तर बोर्ड व्यवस्थित होता, दिवे लागत होते. विझलं होतं ते तिच्या डोळ्यांना. आधी डाव्या अंगाचं सगळं दिसेनासं व्हायचं, मग नागमोडी चकाकत्या रेघा नाचायच्या आणि मग उजव्या कानशिलात ठोके सुरू व्हायचे. अर्धशिशी म्हणतात ती ही, हे मला तेव्हा कळलं.

विमलताई तिला अर्धशिशी म्हणत नसे, जावई म्हणायची. "जावई येऊन राहिला वं," म्हणत ती हेडफोन काढायची आणि विश्रांतीच्या खोलीत जाऊन ओला टॉवेल कपाळावर घेऊन पडायची. एकदा मी विचारलं, जावई काहून? तर म्हणाली, "त्याच्यासाठी खिडक्या लावा, पोरं गप करा, चुलीवर फोडणी देऊ नका. आला तर जाईन कधी ते इचारायची सोय नाही. पोरगी नाही दिली देवानं मले, जावई तेवढा देल्ला." तिला एकुलता एक मुलगा, प्रकाश. सासू होती, आणि नवरा होता सज्जन, पण आईपुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती.

अर्धशिशीवर औषध सांगत नाही असा माणूस नागपुरात अजून जन्मायचा आहे. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खा, हे तर सगळ्यांचंच. तिनं ती महिनाभर खाल्ली आणि जिलेबीचं नाव काढलं तरी मळमळायला लागलं. सुंठीचा लेप झाला, नाकात तुपाचे थेंब झाले, चष्मा झाला. एका डॉक्टरनं दाढेवर संशय घेतला, तर चांगली धडधाकट दाढ काढून झाली. इतवारीतल्या एका वैद्यानं सांगितलं की हा पित्ताचा दोष आहे, संत्र्याचा रस घेत जा. नागपुरात आजाऱ्याला संत्रं द्यायचं नाही तर काय द्यायचं? पुढे तिलाच उमगलं की संत्रं खाल्लं की दुसऱ्या दिवशी डोकं हमखास धरतं. मग संत्रं बंद. "नागपुरात राहून संत्रं नाही खात, मले आता गावाबाहेर काढतीन," असं म्हणून ती स्वतःच हसली होती.

अशा एकेका गोष्टीवर फुली बसत गेली. ऊन, उदबत्ती, जागरण, सावजी मटणाच्या मसाल्याचा उग्र वास, टॉकीजमधला सिनेमा, लग्नातला बँड. चैत्र लागला की डोळ्यांपर्यंत पांढरा दुपट्टा गुंडाळून ती कामावर यायची. भाचीच्या लग्नात बिचारी अक्षता पडेपर्यंत मागच्या खोलीत अंधारात बसली होती. मला तेव्हा वाटायचं, दुखणं परवडलं, पण त्याची ही मोजणी नको. आज काय खाल्लं, काय हुंगलं, कुठं गेले होते, रोज स्वतःचीच झडती घ्यायची. आणि एवढं करूनही सोमवार काही चुकत नव्हता. दर सोमवारी दुपारी बोर्ड अर्धा विझायचाच.

सोमवारी काय असायचं? सोमवारी उपास असायचा. सासूनं तिला सोळा सोमवारांचं व्रत घालून दिलं होतं, आणि ते कशासाठी, तर डोकं थांबावं म्हणून. दिवसभर अन्नाचा कण नाही, संध्याकाळी पूजा झाल्यावर पान वाढायचं. सोळा सोमवार झाले, डोकं थांबलं नाही. सासू म्हणाली, व्रतात काही खोट राहिली असेल, पुन्हा धर. तिनं पुन्हा धरलं. सोमवारी डोकं दुखतं म्हणून उपास, आणि उपासानं सोमवारी डोकं दुखतं, असा तो वर्षानुवर्षांचा घाणा चालला होता. वासापासून उन्हापर्यंत सगळ्यांना पकडणारी ही बाई, तिला या एका चोराचा संशयसुद्धा आला नव्हता. देवावर संशय कोण घेणार?

एका सोमवारी ती बोर्डावरच भोवळ येऊन कलंडली. आमच्या सुपरवायझरबाई खमक्या. त्यांनी तिला खोलीत नेऊन माझ्या डब्यातली पोळी अक्षरशः कोंबली. त्या दिवशी ठोके आले तसे परत गेले. मी तिला ओढत एका तरुण डॉक्टरकडे नेलं. त्यानं सगळं ऐकून एवढंच सांगितलं की बाई, उपाशी राहू नका. मग आमचं गुपित सुरू झालं. दर सोमवारी मी डब्यात दोन पोळ्या जास्त आणायची आणि ती दाराकडे पाठ करून, घाईघाईनं, चोरून आणलेलं खावं तशी खायची. संध्याकाळी घरी पूजा करून पुन्हा उपास सोडायची. मी म्हटलं, देवाला फसवतेस का गं? तर म्हणाली, "देवाले काहून फसवू? त्याले दिसून राहिलं सारं. सासूले फसवून राहिली मी."

ते वर्ष मी विसरणार नाही. सोमवारचं डोकं गेलं, आणि त्याच्यामागे इतर वारांचंही पुष्कळ कमी झालं. तिच्या डोळ्यांखालचा काळेपणा उतरला. एका रविवारी ती माझ्याबरोबर दुपारच्या खेळाला आली, सिनेमा संपेपर्यंत बसली आणि बाहेर पडताना उन्हाकडे पाहून म्हणाली, "मले वाटे, डोकं असंच मरेपर्यंत राहीन." अशी सुटी, मोकळी विमलताई मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही पाहिली नाही.

प्रकाश तोवर हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला होता, पत्रा कापायच्या प्रेसवर. फोन आला तोही सोमवारच होता. आम्ही नुकत्या जेवून बोर्डावर बसलो होतो. नळाला पाणी नव्हतं, म्हणून हात रुमालाला पुसले होते. सुपरवायझरबाईंनी टेबलावरचा फोन घेतला, ऐकला आणि त्या आमच्याकडे न बघता उठून आल्या. प्रकाशचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला होता. जीव वाचला होता, चार बोटं गेली होती. रिक्षात ती रडली नाही. स्वतःचा हात मांडीवर उलटा ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. हाताला अजून माझ्या वांग्याच्या भाजीचा वास होता. दवाखाना आला तेव्हा ती म्हणाली, "या हातानं जेवली मी."

त्या दिवसापासून तिनं सोमवार पुन्हा धरला. आता आधीसारखा नाही, दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि डोकं परत आलं, आधीपेक्षा दुप्पट जोरानं. मी तिच्याशी भांडले. माझा स्वभावच तसा आहे आणि त्याची मला लाज नाही. त्याच प्रेसवर आधी एकाचं बोट गेलं होतं, त्याची आई तर माळकरी होती, तिनं कोणता उपास मोडला होता? विमलताईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती अडाणी नव्हती, आकडे आणि नंबर तिच्याइतके पक्के कोणाचेच नव्हते. ती म्हणाली, "तुयं सारं खरं आहे. पण त्या दिवशी मी जेवली होती, हेही खरंच आहे ना?" तिला पोळी दिली यात मी चुकले असं मात्र मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही.

प्रकाश स्वतः एकदा माझ्या घरी आला. कारखान्यानं त्याला स्टोअरमध्ये घेतलं होतं आणि तो डाव्या हातानं लिहायला शिकला होता. म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगा तिले. मशीनची हात वाचवणारी जाळी काढून ठेवली होती, आम्ही सायबाले सांगितलंही होतं. तिच्या जेवण्याचा काय संबंध? मी सकाळी ताट घेऊन बसतो तिच्यापुढं, ती तोंड फिरवून घेते. मायी बोटं गेली त्याचं एवढं नाही वाटत मले, जेवढं तिचं सोमवारचं कण्हणं आयकून वाटते." मी सांगायला गेले. काही उपयोग झाला नाही. तिला आता ते दुखणं नकोसं नव्हतं, हे मला तेव्हा हळूहळू समजायला लागलं. डोकं फुटायला आलं की ती भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची, "दुखून राहिलं ना, म्हंजे देवाले पोचून राहिलं."

अशी सात-आठ वर्षं गेली. मग पन्नाशीच्या आसपास तिचं डोकं आपलं आपण थांबलं. उपास तसेच, ऊन तसंच, पण अर्धशिशी येईना. डॉक्टर म्हणाले, बायकांचं या वयात असं पुष्कळदा होतं, सुटलात तुम्ही. आम्ही ऑफिसात पेढे वाटायच्या गोष्टी करत होतो. विमलताई मात्र सुकत चालली. मग एका सोमवारी ती कामावरच आली नाही, म्हणून संध्याकाळी मी महालात तिच्या घरी गेले.

ती दारापुढच्या ओट्यावर बसली होती. सासू जाऊन दोन वर्षं झाली होती, नवरा आत रेडिओ ऐकत होता. तिची नजर गल्लीच्या तोंडाकडे होती, जिथून प्रकाश कंपनीच्या बसमधून उतरून येतो. बसला उशीर झाला होता. ओठ कोरडे पडले होते, सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता. मी विचारलं, डोकं कसं आहे? ती म्हणाली, "नाही वं दुखत. सकाळपासून वाट पाहून राहिली, दुखतच नाही." आणि दोन्ही अंगठ्यांनी कानशिलं दाबून, कुठं काही लागतं का ते चाचपत राहिली.

प्रकाश आला. थकलेला, पण ठीक. आईकडे एकदा पाहून तो आत गेला आणि त्यानं दोन ताटं घेतल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता तरी ती उठेल, आता तरी तिचा जीव भांड्यात पडेल. ती उठली नाही. माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "तो आला आज. पण उद्याचं काय? दुखत होतं तवा मले समजे. आता काहीच समजत नाही. तुले काय वाटते, आजचा उपास पोचला असन काय?"

देव, व्रतं, उपास यांवर मी आयुष्यभर तिच्याशी भांडत आले होते. तिच्या तळहाताला घाम सुटला होता.

"पोचला, विमलताई," मी म्हणाले. "चल, जेवून घे."