दोन घाट, एक मॅटॅडोर आणि चितपट झालेला नवरा

परदेशातली माणसं चाकांवरचं घर घेऊन डोंगर-तळी बघत हिंडतात, हे आमच्या ह्यांनी टीव्हीवर पाहिलं आणि २००४ च्या मे महिन्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची शांतता संपली. आमचा धंदा मांडव-डेकोरेशनचा. दारात जुनी मॅटॅडोर, माळ्यावर गाद्या, पडदे, शेगड्या. "गाद्या आपल्या, गाडी आपली, मग लॉजवाल्याचं घर कशाला भरायचं?" असं म्हणून आनंदानं (हे नवऱ्याचं नाव आहे, स्वभाव नाही) गाडीत दोन गाद्या टाकल्या आणि लग्नाच्या स्टेजचा मखमली पडदा लावला. मागून बघणाऱ्याला तमाशाचा फड निघालाय असंच वाटलं असतं.

मला वेगळीच हाव होती. लायसन काढून सहा वर्षं झाली होती. माहेरी, पेठ वडगावला, भावाची जीप मी बिनधास्त पळवायचे. सासरी आल्यावर मात्र ही गाडी फक्त धुवायला मिळाली. मला ती एकदा तरी घाटात चालवायची होती. निघताना विचारलं, तर हे म्हणाले, "मोकळ्या रस्त्यावर बघू की." कोल्हापूर सुटल्यापासून रस्ता मोकळाच होता. ह्यांना तो दिसला नाही.

पहिला मुक्काम राधानगरीच्या तलावाकाठी. जाणार असाल तर डिझेल कोल्हापुरातच भरा आणि भाजी राधानगरीच्या बाजारात घ्या, पुढं काही मिळेल याची खात्री नाही. मे महिन्यात पाणी आत सरकलेलं असतं. काठ वरून वाळलेला दिसतो, पण खाली चिखल असतो, तेव्हा गाडी डांबराजवळच लावा. आम्ही अर्थातच काठावर लावली आणि ढकलून काढली. सोबत आलेल्या सासूबाईंनी उतरून तलाव एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. "एवढं पाणी बघाय आलो, आणि प्यायचं पाणी ड्रमातनं घरनं आणलं व्हय रं?" त्या म्हणाल्या. मग मी तांबडा रस्सा केला, आमची लेक पूजा पाण्यात पाय सोडून बसली आणि गाडी ढकलताना जुंपलेलं सगळ्यांचं भांडण आपोआप मिटलं. तो तलाव संध्याकाळी फार सुंदर दिसतो, हे उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दाजीपूरच्या जंगलात गवे बघायला गेलो. एका गव्यानं आम्हाला पाहिलं आणि तो निघून गेला. करवंदं मात्र पोटभर मिळाली. तिथून पुढं एका गावाची जत्रा होती आणि कुस्त्यांचं मैदान भरलं होतं. इथं शहाण्यानं गाडी पुढं काढली असती. पण आमचे हे लहानपणी तालमीत जायचे, आणि तालमीत गेलेल्या माणसाला लाल माती दिसली की वय आठवत नाही. बेचाळिसाव्या वर्षी, पोट सुटलेलं असताना, त्यांनी शर्ट काढला. पंचांनी एकवार बघितलं आणि पोरासोरांची लावतात ती नारळाची कुस्ती लावून दिली. समोर दूध संस्थेत कॅन उचलणारा एक काटकुळा गडी होता.

"पावणं, सोडा की, कशाला उगं," तो गडी अगदी काकुळतीनं म्हणाला.

"भ्यालास व्हय?" आमचे हे.

सलामी झाली, त्या गड्यानं ढाक डाव टाकला आणि ह्यांनी अस्मान पाहिलं. सगळं इतक्या झटपट झालं की पूजानं विचारलं, "सुरू कधी होणार?" डावा खांदा निखळला होता. गावातल्या वस्तादांनी तो एका झटक्यात बसवला, हात गळ्यात बांधला आणि सांगितलं, "म्हैनाभर ह्यो हात हलवायचा न्हाय." गियर डाव्या हातानं टाकतात, हे माझ्या लगेच लक्षात आलं. खोटं कशाला बोलू, काळजी वाटली, पण आतून उकळ्याही फुटत होत्या.

"इथंच ऱ्हाऊ. गावातला डायवर बघतो," हे म्हणाले.

सासूबाई गाडीतल्या गादीवरून कडाडल्या, "तिच्याकडं लायसन हाय की! का तीबी कुस्ती हरलीया?"

दाजीपूरहून सरळ माघारी येता आलं असतं. पण एका घाटानं कोकणात उतरून दुसऱ्यानं वर यायचं ठरलं होतं, ते मी सोडणार नव्हते. फोंडा घाट सेकंड गियरमध्ये उतरले. मागं ह्यांचा "ब्रेक! ब्रेक!" असा अखंड जप चालू होता. खाली वैभववाडीत जेवलो. तिथला भात झकास. आमटीत ह्यांनी घरची कांदा-लसूण चटणी कालवली आणि खानावळवाल्या मावशींचा चेहरा पडला. मग चढणीचा करूळ घाट. एका वळणावर समोरून एसटी आली आणि मला चढणीवर थांबावं लागलं. गाडी हातभर मागं गेली. मागचा जपही थांबला. मी हँडब्रेक ओढला, हाफ क्लचवर गाडी उचलली आणि हलकेच ब्रेक सोडला. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "ब्येस, ताई!" गगनबावड्याला पोचल्यावर मी उतरून पाच मिनिटं नुसती उभी राहिले. मला हसू आवरत नव्हतं.

आमच्या पेठेच्या अलीकडं हे पुढं वाकून हळूच म्हणाले, "शोभा, थांबीव जरा. तालमीसमोरनं एका हातानं न्हेतो मी. पोरं बसलेली असत्यात."

मला नीट ऐकू आलं. मी हॉर्न दाबला आणि तालमीसमोरून मुद्दाम सावकाश गेले.

कट्ट्यावर सगळे उभे राहिले. "वैनी चालवत्यात?"

मग मखमली पडदा बाजूला झाला आणि ह्यांनी डोकं बाहेर काढलं. "दोन घाट काढल्यात दोन! शिकवली कुणी?"

सहलीचे फोटो बहुतेक काळे आले, गादीतला चिखलाचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही आणि गवा आता ह्यांच्या तोंडून दरवर्षी थोडा मोठा होतो. खांदा महिन्याभरात बरा झाला. तोवर चार लग्नांच्या मांडवांचं सामान मी पोचवलं होतं. पाचव्या वेळी हे स्वतःहून डावीकडच्या, क्लीनरच्या दारानं गाडीत चढले.