पेरता न येणारा सांबार

अमरावतीत आम्हा पेन्शनर मंडळींची रोज सकाळी एका बाकावर बैठक असते. तिथे परवा कुणीतरी सुस्कारा सोडला, "काय ती आपल्या लहानपणची मुलांची मासिकं! केवढं ज्ञान, केवढे संस्कार!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. माझ्यावर तर त्यांचे उपकार जरा जास्तच आहेत.

आमचं गाव पातूरजवळ. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला; हुकूम नागपूरहून यायचे आणि ज्ञान पुण्याहून, महिन्यातून एकदा, टपालाने. शाळेत एकच अंक. मास्तर तो कुलपात ठेवत आणि शनिवारी हात धुऊन आलेल्यांनाच देत. आत उपयोगाची माहिती खच्चून भरलेली. 'सुटीत समुद्रकाठी गेलात की शिंपले गोळा करा.' आमच्या नाल्यात म्हशी बसायच्या. शिंपल्यांची मी चौकशी केली नाही. 'दिवाणखान्यातला आरसा आईला विचारून घ्या.' दिवाणखाना हा दवाखान्याचा मोठा भाऊ असावा, अशी माझी समजूत. 'घरच्या मोलकरणीशी गोड बोला.' हे मात्र मी पाळलं. माझी माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची, तिच्याशी आठवडाभर गोड बोललो. तिला वाटलं, पोराला ताप भरला.

चौथी संपत आली तेव्हा मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, याला अकोल्याच्या इंग्रजी शाळेत घाला. माझा बा भाजी पिकवून अकोल्याच्या बाजारात नेणारा. घरात सही करणारं कुणी नव्हतं. अंगठे मात्र सगळ्यांचे झकास उमटत. बा म्हणाला, "मास्तर, तुमी तं साऱ्याच पोट्ट्यायले हुशार म्हनता. याचं लिहेलं बाहेरच्या शिकेल मानसानं छापलं, तं धाडतो. नाई तं वाफ्याले पानी देवाले ठेवतो."

त्याच महिन्यात मासिकाने निबंध मागवले: 'माझ्या पाहण्यातील एक वनस्पती.' पाहण्यातली म्हटल्यावर मला काय तोटा? मी सांबारावर लिहिलं. मास्तरांनी शुद्धलेखन सुधारलं, 'मले'चं 'मला' केलं. सांबार त्यांच्याही डोळ्याला खुपला नाही, तेही वऱ्हाडचेच.

दोन महिन्यांनी अंक आला. शेवटच्या पानावर, गमतीच्या चौकटीत, माझं नाव, गाव, शाळा सगळं छापलेलं, आणि खाली: 'हा बालमित्र लिहितो की, त्यांच्या मळ्यात सांबार पेरतात व वीतभर वाढला की जुड्या बांधून विकतात! मुलांनो, सांबार ही मद्रासकडील पातळ आमटी असते. ती पेरता येत नाही, तिच्या जुड्याही बांधता येत नाहीत. कल्पनाशक्ती चांगली, पण निरीक्षण त्याहून चांगले.'

छापलेलं खोटं कसं असेल? मी घरी जाऊन वाफ्यासमोर उभा राहिलो. सांबार चांगला हिरवागार, ताठ. पातळ कुठेच नव्हता. मग आपला बा इतकी वर्षं अकोल्याच्या लोकांना काय विकतो आहे, याचीच मला धास्ती पडली.

दुसऱ्या दिवशी बा शाळेत आला. "छापलं म्हनते. वाच."

वाचता येत नसलेल्या बापासमोर मला काहीही वाचता आलं असतं. 'हा मुलगा फार हुशार आहे' एवढंच म्हटलं असतं, तर काम झालं होतं. पण मास्तर शेजारी उभे होते आणि छापील अक्षराचा दरारा मोठा. जसं होतं तसं वाचलं. गेलं अकोलं, असं वाटलं.

बा मास्तरांकडे वळला. "आमटी कोन पेरून राह्यलं?"

"भाऊ, पुण्याकडे सांबाराले कोथिंबीर म्हणतात. त्यांना आपला सांबार ठाऊक नाही."

"कोथिंबीर?" बाने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "नाव एवढं लांब, तं जुडी केवढी देत असतीन! बरं, हे लिहिनारा लय शिकेल हाये?"

"असणारच. संपादक आहे."

"पगार भेटते त्याले?"

"भेटत असेल."

"आन् सांबार मालूम नाई."

"नाही."

बाने धोतराचा सोगा झटकला. "मंग धाडतो याले अकोल्याले. सांबार न वयखता ज्याले पगार भेटते, त्याच्याहून तं हा बराच पुढं हाये."

मास्तर खुलासा लिहून पाठवायचा म्हणत होते. बाने हात जोडले. "राहू द्या मास्तर. त्यायनं काही शिकून घेतलं, तं आपलं पोट्टं कोनाच्या भरवशावर धाडाचं?"

मृग लागला त्या आठवड्यात माझं नाव अकोल्याच्या शाळेत घातलं. पुढे अमरावतीला बी. ए. झालो, आमच्या घरातला पहिला. त्या मासिकाचा मी ऋणी आहेच. त्याने मला काही शिकवलं नाही, पण शाळेत पोचवलं.