झाऱ्याला तुर्कीत काय म्हणतात

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, अशी आमच्याकडे रीत. आमच्या मुलीचं माहेर म्हणजे मुलुंड पूर्वेचा छोटा फ्लॅट आणि त्यात एकटा मी. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी तुर्कस्तानात, इझमीरला असते, जावई तिकडचाच. डॉक्टरांनी तिला विमानप्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा मी फोनवर जाहीर करून टाकलं, ‘तू येऊ नकोस. माहेरच तुझ्याकडे येईल.’

‘बाबा, तू करणार काय येऊन?’ ती म्हणाली. बाळंतपणाला तिची सासू तिच्याकडे राहायला येणार होती, आणि सासूबाईंना तुर्कीशिवाय दुसरी भाषा येत नाही. ‘त्या स्वयंपाकघरातून काही मागणार, तुला कळणार नाही, आणि मग तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसणार.’

मला रागच आला. माझी सगळी नोकरी ट्रॉम्ब्याला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये गेली. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. म्हटलं, भाषेचीच अडचण आहे ना, मग घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंची तुर्की नावं पाठ करतो. बघच तू.

फोनवर एक अ‍ॅप घेतलं आणि सकाळचा चहा झाला की बसायला लागलो. मजा अशी, की बरेच शब्द ओळखीचे निघाले. पडद्याला पेर्दे, साबणाला साबून. जेवायच्या टेबलाला मासा म्हणतात हे कळल्यावर तर माझ्यातला मालवणी माणूस खूश झाला. मी चिठ्ठ्या लिहून फ्रिजवर, सोफ्यावर, कपाटावर, उशीच्या अभ्र्यावरसुद्धा चिकटवल्या. समोरच्या वहिनी दूध द्यायला आल्या, त्यांनी सगळ्या घरावरून नजर फिरवली. ‘भावजी, तुम्ही खरंच बाळंतपण करायला निघालात? शेक-शेगडी, बाळाची अंघोळ, कसं काय जमायचं?’ मी म्हटलं, ‘वहिनी, टबाला तुर्कीत लेएन म्हणतात.’ त्या हसल्या आणि दूध ठेवून गेल्या. मला वाटलं, मी त्यांना गप्प केलं.

एका रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, शेजारी विहीणबाई बसलेल्या. गोल चेहरा, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. मुलीने सांगितलं, ‘परीक्षा घ्यायचीय म्हणतायत.’ मी तयारच होतो. फोन हातात धरून हॉलभर फिरलो आणि दिसेल त्या वस्तूचं नाव घेत गेलो. प्रत्येक नावाला विहीणबाई ‘आफेरिन, आफेरिन’ म्हणत होत्या, म्हणजे शाब्बास. मुलगीही हसत होती. आई गेल्यापासून ती माझ्याशी बोलताना इतकी मोकळी हसली नव्हती. आता तिकीट काढायचंच, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

मग विहीणबाईंना आमचं स्वयंपाकघर बघायचं होतं. ‘केवगिर,’ त्या म्हणाल्या. मला शब्द येत होता. ‘झारा!’ मी मुलीला म्हटलं. विहीणबाईंनी हाताने खूण केली, दाखवा की.

मी ओट्याखालचा पहिला खण उघडला. त्यात धुऊन घडी घातलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या. दुसऱ्यात झाकणं, बिनडब्यांची. तिसरा नीट उघडेचना. बायको गेल्यापासून माझा डबा बाहेरून येतो. गॅसवर मी फक्त चहा करतो. पण ती असतानाही मी या ओट्याशी कधी उभा राहिलो होतो, हे मला आठवेना. फोन मी ओट्यावर टेकवून ठेवलेला, आणि दोघी तिकडून माझी पाठ बघत होत्या.

‘बाबा, डावीकडचा खालचा कप्पा. परातीच्या मागे,’ मुलगी म्हणाली.

झारा तिथेच होता. विहीणबाई हसल्या, टाळ्याही वाजवल्या. मग त्यांनी लाटणं मागितलं, ते मला सापडेना. मुलीने सांगितलं, पिठाच्या डब्यामागे उभं असेल. किसणी, तीही तिनेच सांगितली. खलबत्ता माळ्यावर आहे, हेही तिलाच ठाऊक. शब्द सगळे मला येत होते, आणि वस्तू हजारो मैलांवरून ती काढून देत होती. विहीणबाईंचं हसू कमी होत होत थांबलं. त्या मुलीकडे बघायला लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या ओट्यापाशी कळलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘तुझ्या बरं सगळं लक्षात आहे गं. घर सोडून इतकी वर्षं झाली.’

‘लक्षात कुठलं, बाबा? मी होते तेव्हा सगळं वेगळ्या जागी होतं. आईने सांगून ठेवलंय. शेवटी शेवटी दुपारी फोन करायची ना, तेव्हा. कुठल्या डब्यात काय, तुझ्या बीपीच्या गोळ्या कुठे, थंडीतली जाड चादर कुठे. म्हणाली, तो तुलाच विचारेल.’

त्या दुपारी मला आठवत होत्या. मायलेकींना मोकळेपणी बोलता यावं म्हणून मी खोलीचं दार लोटून घ्यायचो आणि बाहेर टीव्ही लावून बसायचो. आपण किती समजूतदार आहोत, असंही मला तेव्हा वाटायचं. आत माझी बायको धाप लागत असताना मला झारा सापडावा म्हणून सातासमुद्रापलीकडे निरोप ठेवत होती.

‘मला का नाही सांगितलं तिने?’ मी विचारलं.

‘तुलाच आधी सांगितलं होतं,’ मुलगी म्हणाली. ‘तू नुसतं हो हो म्हणालास.’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलट काही बोललो असतो. विहीणबाईंनी तिला हळूच काही विचारलं, तिने तेवढ्याच हळू आवाजात उत्तर दिलं. त्यात घरातल्या कुठल्याच वस्तूचं नाव नव्हतं, म्हणून मला एक अक्षर कळलं नाही. मी झारा हातात धरून उभा होतो. तो कुठे ठेवायचा हे आता मला माहीत होतं, पण तेवढ्यावर काय होणार होतं?

‘मी येऊ ना गं?’ मी विचारलं.

विहीणबाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. माहेरचं कुणी यायचं म्हटलं, की आमच्याकडच्या मुली आधी ‘ये’ म्हणतात आणि मग सासरी कळवतात.

‘सासूबाईंना विचारून सांगते, बाबा,’ ती म्हणाली.