परत येण्याचा पुरावा

नकाशात बोटाखाली झाकला जाईल एवढा तो युरोपातला देश, पण त्याच्या व्हिसासाठी मी तिसऱ्यांदा रांगेत उभा होतो. पुढच्या आजी लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही परत याल याचा पुरावा?"

"अगं, घरातून निघताना 'येते' म्हणूनच निघणार ना? 'जाते' कोण म्हणतं?"

"कागद लागतो हो, आजी." मुलगीही दमलेली होती.

आजी पिशवी आवळत बाजूला झाल्या.

माझ्या फायलीत नोकरीचं पत्र, घराचे कागद, परतीचं तिकीट, सगळं होतं. मुलीनं समाधानानं मान हलवली. मी परत येणार, हे सिद्ध झालं.

सकाळी मात्र मी मुकाट्यानं कुलूप लावून निघालो होतो. 'येतो' म्हणावं असं घरात कुणी उरलेलं नाही.