कंसातलं भाषण

"आदरणीय अध्यक्ष महोदय, इथे थांबा," वंदना कदम माइकवर म्हणाली. "श्वास घ्या. आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, समोर बघा."

मी विंगेत उभी होते. हातातला चष्मा खाली पडला.

इंदूरच्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवायचे आणि आठवड्यातून एक तास वक्तृत्वाचा घ्यायचे. म्हणजे चारचौघांत उभं राहून बोलायला शिकवायचं. त्या वर्षी शाळा-शाळांच्या स्पर्धेला विषय होता, ‘नवे आर्थिक धोरण: तारक की मारक?’ प्रिन्सिपलसाहेबांनी मला आधीच बजावलं होतं, "मॅडम, जमाना बदल रहा है. प्राइज आलं नाही, तर तुमचा पिरियड कम्प्युटरला देतो." शाळेत कम्प्युटर एकच होता. तो चादरीखाली असायचा.

मी वंदनाला निवडलं, कारण ती लिहायची छान. तिच्या बाबांची मिल बंद पडली होती. तिनं निबंधात लिहिलं होतं, ‘बाबा अजून रोज डबा भरून घेतात आणि घराबाहेरच्या ओटल्यावर बसून खातात.’ पण आवाज इतका बारीक, की हजेरीला तिनं "येस मॅडम" म्हटलेलं मला ओठांवरून कळायचं.

भाषण तिनंच लिहिलं. मी त्यात कंसात सूचना घातल्या. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, सगळं. आठवड्यानं विचारलं, "पाठ झालं?"

"हो मॅडम. बाबा घेतात पाठांतर. एक शब्द सुटला तरी पहिल्यापासून."

मला बरं वाटलं होतं.

"आवाज चढवा!" वंदना ओरडली. खरंच ओरडली. "मिल बंद झाली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं का? उजवा हात वर!"

अर्ध्या हॉलनं उजवा हात वर केला. प्रमुख पाहुण्यांनीसुद्धा. मी विंगेतून दोन्ही हात हलवून ‘नको, नको’ केलं. तिला वाटलं, मी शाबासकी देतेय. ती आणखी खुलली.

दुसऱ्या रांगेत तिचे बाबा, कदम, बसले होते. मांडीवर भाषणाची कार्बन कॉपी, ओळीवर बोट. जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे त्यांचं हळू बोलणंही हॉलभर ऐकू यायचं. "वा भिया! एक भी शब्द नहीं छूटा!" ते शेजारच्याला म्हणाले.

"घोटभर पाणी प्या," वंदना म्हणाली. पाहुणे निमूटपणे प्यायले. हॉल हसून लोळायचा बाकी होता.

मग ती डब्यावर आली. "बाबा ओटल्यावर बसून खातात. आवाज खाली. इथे थांबा."

ती थांबली. हॉलही थांबला. कदमांचं बोट ओळीवरून पुढे सरकलंच नाही. हे वाक्य त्यांनी वीस वेळा तिच्याकडून म्हणून घेतलं असेल, पण ऐकलं बहुधा तेव्हाच.

वंदनाला दुसरा नंबर मिळाला. परीक्षकांनी मला गाठलं. "मॅडम, श्रोत्यांना असं कामाला लावताना मी पहिल्यांदा पाहिलं. ये कौन-सा स्टाइल है?"

मी तोंड उघडण्याआधी प्रिन्सिपलसाहेब म्हणाले, "आमच्या शाळेची खास पद्धत आहे, सर!" माझा पिरियड वाचला. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन शाळांची मुलं भर भाषणात "श्वास घ्या" म्हणाली.

बाहेर पडताना मी कदमांना हळूच म्हटलं, "कदमजी, कंसातलं वाचायचं नसतं हो."

ते चकित झाले. "बाईजी, मशीनवरच्या बोर्डावर कंसात लिहिलेलं असायचं, ‘हात घालू नये’. ते आम्ही आधी वाचायचो, मग बाकीचं!"

 त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मुलांच्या भाषणाच्या कागदावर मी भाषणाखेरीज काहीही लिहिलं नाही.