वजडीवरची शपथ

मांजराला वजडी घालताना एक विचार करायला हवा होता, तो म्हणजे मांजर ती पोटात ठेवील की नाही. मी केला नाही. टेबलाखाली हात नेऊन मी एकेक तुकडा सोडत होतो, मांजर न चावता गिळत होतं, आणि वर मी रिकामं तोंड हलवत ‘वा, अम्म मेतवल्ली, काय हात आहे’ म्हणत होतो. थोड्या वेळानं मांजर दुकानाच्या मधोमध गेलं, पाठीची कमान केली आणि माझी सगळी प्लेट जमिनीवरच्या भुश्यात परत काढून ठेवली. तुकडे ओळखू येत होते. त्यावरचा लसूणसुद्धा.

एरवी ही नुसती किळसवाणी गोष्ट झाली असती, आणि आमच्या मस्मतमध्ये किळसवाण्या गोष्टींकडे कोणी मान वळवून बघत नाही. मस्मत म्हणजे वजडी, पाये, मुंडी आणि भात भरलेली आतडी मिळायची जागा. अम्म म्हणजे काका; अम्म मेतवल्लीची मस्मत दमनहूर शहरात आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. दारात बकऱ्यांच्या मुंड्या रांगेनं मांडलेल्या, दात विचकून गिऱ्हाइकांकडे बघणाऱ्या. टेबलावर हात ठेवला की उचलताना तो जरा वेळ घेतो. भिंतीचा रंग कोणता होता यावर आमच्यात दोन मतं आहेत. तरी दर गुरुवारी संध्याकाळी मी, वगदी आणि हिलमी तिथंच बसतो, कारण शाळेपासून तिथंच बसत आलो, कारण खिशाला झेपतं, आणि कारण तिथून कोणी उठवत नाही. मी वजडी खात नाही. रश्श्यात रोटी बुडवतो, लिंबू पिळतो आणि श्वास तोंडानं घेतो.

त्या गुरुवारी मेतवल्लीला हे खुपलं. स्वतः प्लेट घेऊन आला, माझ्यासमोर आपटली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “इतकी वर्षं माझ्या खुर्च्या झिजवतोस आणि माझ्या मालाला नाक मुरडतोस. लोक बघतात, नाजी. आज ही प्लेट तू संपवली नाहीस तर माझ्या बायकोला तलाक.”

कोणी जेवता जेवता थांबलं नाही. आमच्याकडे ही शपथ तोंडी लावायला असते. चहाचे पैसे मीच देणार, नाहीतर तलाक. आधी तू बसायचंस, नाहीतर तलाक. आणखी एक झुरका घे, नाहीतर तलाक. बायका घरी तांदूळ निवडत बसलेल्या असतात आणि इकडे त्यांचे संसार कोणाच्यातरी उरलेल्या सिगारेटवर लागलेले असतात. समोरचा गुमान चहा पितो, गुमान बसतो, झुरका घेतो, आणि सगळे संसार संध्याकाळी सुखरूप घरी जातात. मीही गुमान खायचं होतं. मी मांजराला दिलं.

तेवढ्यात उम्म शौकी रोट्यांची टोपली घेऊन मागच्या खोलीतून बाहेर आली. नाव एतेदाल, पण थोरल्या मुलाच्या नावानं सगळी गल्ली तिला उम्म शौकीच म्हणते, शौकीची आई. मेतवल्लीची बायको. त्या दुकानातली प्रत्येक वजडी तिच्या हातची. कढत पाण्यात बुडवायची, सुरीनं काळा थर खरवडायचा, पीठ आणि व्हिनेगर लावून चोळायची, आतडी उलटी करून धुवायची, पुन्हा सुलटी करायची. मेतवल्ली वाढतो आणि शपथा घेतो.

ती भुश्यातल्या ढिगाऱ्यापाशी थांबली. आपलं काम तिनं ओळखलं.

“हे कोणाच्या प्लेटमधलं?”

मी काही बोलायच्या आत वगदी हसत म्हणाला, “नाजीच्या. अम्म मेतवल्लीनं तलाकाची शपथ घालून वाढली होती, ह्यानं मांजराला भरवली. मांजरालासुद्धा पचली नाही, उम्म शौकी.”

हिलमीनं टेबलावर थाप मारली. मागच्या टेबलावरचे दोघे हसले. मेतवल्लीही हसत होता. एतेदाल हसली नाही. तिनं टोपली खाली ठेवली, नळाशी गेली, अर्धं लिंबू घेऊन नख न् नख चोळलं, एप्रन खिळ्याला अडकवला आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

“हे बरोबर सांगतोय का?”

“अगं, जिभेचं काय घेऊन बसलीस?”

“मग मी आता तुझी बायको नाही असं दिसतंय,” ती म्हणाली. “परक्या माणसाच्या घरी झोपायला जाणं बरं नव्हे.” आणि कालव्यापलीकडे बहिणीच्या घरी चालती झाली.

दुसऱ्या दिवशी मेतवल्लीनं वजडी स्वतः साफ केली. साफ केली म्हणजे ओली केली. दुपारपर्यंत गल्लीत अशी घाण सुटली की समोरच्या शिंप्यानं अर्धं दार लावून घेतलं. मी तिथून जाताना मेतवल्लीनं ओल्या हातानं माझी बाही धरली. तो वास शर्टातून अजून गेलेला नाही.

“तू खाल्लं नाहीस, आता तू निस्तर.”

“शपथ माझी होती का?”

“पोट तुझं होतं.”

बाही सोडवून घेतली. मी कालवा ओलांडला.

एतेदाल बहिणीच्या गच्चीवर बसून हिरवे वाटाणे सोलत होती. मला बघून म्हणाली, “ये. मांजर बरं आहे ना?”

“बरं आहे.”

“चला, एक तरी सुटलं.”

मी मेतवल्लीचा निरोप दिला, की चुकून बोलला, परत ये, दुकानाला वास मारतोय. तिनं शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. रिकामं बसून माझ्याशी बोलू नकोस, असा त्याचा अर्थ. मग सोलता सोलता ती बोलत राहिली. तिचे वडील गावात घोड्याच्या केसांच्या चाळण्या विणायचे. घरात पिठाचा आणि त्या केसांचा वास. लग्न करून आली, आणि पहिल्याच सकाळी सासूनं हातात बादली दिली. बादलीत काय आहे ते बघून ती तिथंच ओकली. सासू म्हणाली, होईल सवय.

“झाली?”

“वासाची झाली. अंगाला इतका मुरला की माझी बहीणसुद्धा गळ्यात पडताना मान वळवते. वाईट नाही वाटत. धुतलेली वजडी माझ्या हातून पांढरीशुभ्र निघते, दमनहूरमध्ये कोणाची निघत असेल तर दाखव. पण शपथेची सवय नाही झाली, बाबा. शौकी सात दिवसांचा होता, पाहुणे आले होते. एकानं सरबताचा दुसरा पेला नको म्हटलं. त्या पेल्यावर माझा तलाक लागला. मी आत बाळ घेऊन बसलेय, आणि बाहेर सगळे त्या माणसाच्या घशाकडे बघतायत.”

“प्यायला का?”

“प्यायला. मधुमेह होता बिचाऱ्याला.” तिनं शेंग उघडली. “बाजारात लिंबूसुद्धा माणूस दाबून बघतो, मग भाव लावतो. मला न बघताच लावतात. काल मी मांजराच्या ओकारीवर लागले होते, नाजी. यापुढे आणखी खाली काय आहे, सांग. परत यायला माझी ना नाही. पण लागायला परत येणार नाही.”

मी वाटाणे सोलत राहिलो. मला त्या गुरुवारच्या आमच्या हसण्याची शिसारी आली. वजडीची येते तशीच.

मग मेतवल्लीला घेऊन मी मशिदीतल्या शेख अब्दुल-बारींकडे गेलो. त्यांनी आधी खिडकी उघडली, मग ऐकून घेतलं.

“तुला बायको सोडायची होती?”

“छे छे, शेखसाहेब. ह्याला खाऊ घालायचं होतं.”

“मग दोन्ही गोष्टी एका वाक्यात कशाला कोंबल्यास? तलाक झालेला नाही, कारण तुझ्या मनात नव्हता. पण शपथ मोडली, तिची भरपाई कर. दहा गरिबांना जेवू घाल. घरी खातोस तसं, हलकं नाही. आणि चूळ भर.”

“रोज भरतो.”

“तरी आत बरंच राहतं.”

एतेदालला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, “दहा जणांसाठी मीच करीन. तो करणार असेल तर गरिबांना शिक्षा कशाला? पण दहावा जेवून उठेपर्यंत रात्री बहिणीकडे.” तलाक झालेला नाही, हे शेखांचं म्हणणं तिला मान्य होतं. ही अट तिची स्वतःची होती.

पुढच्या गुरुवारी ती दुकानात आली. वास गेला, शिंप्यानं दार उघडलं. आणि मग कळलं की आमच्या गल्लीत गरीब कोणी नाही.

हमाल म्हणाला, “मी गरीब? माझा जावई कुवेतला आहे.” वॉचमननं मला विचारलं, माझं नाव तुला कोणी दिलं. जोडे शिवणारा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. फाटक्या गोधडीवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, “गरीब पलीकडच्या गल्लीत राहतात.” पलीकडच्या गल्लीनं आमच्या गल्लीकडे बोट दाखवलं. शेवटी शेखांनी हळूच काही घरांत निरोप दिले, आणि अंधार पडायच्या सुमारास नऊ माणसं आली, भिंतीला धरून, कोणी बघत नाही ना ते बघत.

सगळे बघत होते. हिलमीनं फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. वगदी मला कोपर मारून म्हणाला, “बघ, ह्यांना मांजर लागत नाही.” मी हिलमीच्या हातातून फोन घेऊन पालथा ठेवला. टेबलाला चिकटला तो.

मेतवल्ली मात्र खुशीत होता. ह्याच्या पाठीवर थाप, त्याच्या प्लेटमध्ये पळी. नववा माणूस गळ्याला मफलर गुंडाळलेला, जेवण संपवून हात पुसत होता. मेतवल्ली वाटी घेऊन त्याच्यावर वाकला आणि सवयीनं म्हणाला, “आणखी रस्सा घेतला नाहीस तर माझ्या बायकोला—”

एतेदाल मागच्या दारात झारा घेऊन उभी होती. हललीसुद्धा नाही. मेतवल्लीच्या मानेवरून घाम कॉलरीत उतरताना मला दिसला. मफलरवाल्याचा हात अर्ध्यावर थांबला होता, कारण त्यालाही कळलं होतं की आता त्याच्या पोटावर काय टेकलंय.

“—माझ्या बायकोला वाईट वाटेल,” मेतवल्ली म्हणाला.

मफलरवाल्यानं दाराकडे पाहिलं. “वाईट वाटेल का, ताई?”

“पोट भरलं असेल तर मुळीच नाही वाटणार,” एतेदाल म्हणाली. त्यानं वाटी नको म्हटली आणि काहीही झालं नाही. माझ्या माहितीत त्या दुकानात पहिल्यांदाच कोणी नको म्हणून जिवंत उठलं.

दहावा मिळाला नाही. मेतवल्लीनं माझ्याकडे बोट दाखवलं. “हा चालेल. फुकट्याच आहे.”

“तो गरीब नाही, चिकट आहे,” एतेदाल म्हणाली. तिनं दहावी प्लेट झाकली, लिंबानं हात चोळले आणि कालव्याकडे निघाली.

ह्याला आता बरेच दिवस झाले. ती सकाळी येते, वजडी पांढरी करते, संध्याकाळी जाते. मेतवल्ली रोज संध्याकाळी तिच्याबरोबर पुलापर्यंत जातो आणि एकटा परत येतो. बोलताना आता वाक्याच्या मध्येच थांबतो, पायाखाली पायरी आहे की नाही हे चाचपावं तसा. वगदीनं परवा चहाच्या पैशांवर बायको लावली, तर मेतवल्लीनं त्याच्यासमोरचा पेला उचलून नेला. “बाहेर जाऊन घे,” म्हणाला, “इथं भुसा आत्ताच बदललाय.”

गेल्या गुरुवारी एक माणूस दारात आला. फाटके जोडे, हातात पिशवी. “देवाच्या नावानं काही द्या,” म्हणाला. मेतवल्ली रोट्या आणायला गेला होता. एतेदालनं त्याला दोन रोट्या दिल्या, चीज दिलं, वर उकडलेली अंडी दिली.

“ताई, ते मडक्यातलं थोडं मिळेल का?”

मडकं काठोकाठ भरलेलं होतं. वाफ माझ्यापर्यंत येत होती, आणि मी तोंडानं श्वास घेत होतो.

“वजडी संपली, बाबा,” ती म्हणाली.

तो आत न बसताच गेला. तिनं वळून पाहिलं तर मी बघत होतो. तिनं मडक्यावर झाकण सरकवलं. मी रोटी रश्श्यात बुडवली.

मेतवल्ली रोट्या घेऊन आला आणि घाम पुसत मला म्हणाला, “काय रे, तुझ्या कॉलेजकडे एखादा गरीब नाही का दिसत? एकच तर राहिलाय.”

“बघतो, अम्म मेतवल्ली,” मी म्हणालो.